जगाकडं मागतो तोच न्याय विदर्भातल्या वावरातही लागू करा

२३ जुलै २०२५ ला नेदरलँड्समधल्या हेग शहरात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं, म्हणजे देशादेशांमधले वाद जिथं जातात त्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं, हवामान बदलावर आपलं मत दिलं. पंधराच्या पंधरा न्यायाधीश एकमतानं म्हणाले की हवामान सांभाळणं ही देशांच्या मर्जीची गोष्ट नाही, ती कायदेशीर जबाबदारी आहे, जो देश ती पाळणार नाही त्यानं आंतरराष्ट्रीय कायदा मोडला असं धरता येईल, आणि मग गोष्ट पार नुकसान भरून देण्यापर्यंत जाऊ शकते. हे प्रकरण तिथवर नेलं कोणी, तर व्हानुआतू नावाच्या बेटांच्या देशानं, वस्ती जेमतेम तीन लाखांच्या वर, म्हणजे आपल्याकडचे दोन तालुके धरा. आणि याची पहिली सुरुवात केली होती २०१९ मध्ये तिकडं पॅसिफिकमध्ये कायदा शिकणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींनी.

आमच्या भागात त्या दिवसांत डवरणी, निंदण, फवारणी यातून कोणाला मान वर करायला फुरसत नसते. तरी दोन-चार जणांजवळ मी हा विषय काढला तर उत्तर एकच आलं, "त्याचं आपल्याले काय करा लागते भाऊ, पाणी कधी येते थे सांग." हा प्रश्न रास्त आहे. जिनिव्हा, पॅरिस, हेगमध्ये जे लिहिलं जातं त्याचा यवतमाळ-वाशीमच्या कोरडवाहू वावराशी संबंध काय, हे कोणी नीट सांगितलंच नाही तर लोक असंच विचारणार.

माझं म्हणणं असं आहे की हा आंतरराष्ट्रीय कायदा पोकळ नाही, ज्या देशांना हवामानाची झळ जास्त बसते तिथली सरकारी धोरणं तो खरोखर घडवतो, पण जेवढं मोजायला लावतो तेवढीच घडवतो. मेगावॅट मोजायला लावतो म्हणून मेगावॅट झाले. वावरातलं नुकसान, बुडालेली मजुरी, उन्हानं पडलेलं माणूस हे मोजायला लावत नाही म्हणून ते योजनेच्या मर्जीवर राहिलं. ही कमी बाहेरून कोणी भरून देणार नाही. ती आपल्या संसदेनं आणि विधानसभेनं भरली पाहिजे, आणि भारत सरकार श्रीमंत देशांशी ज्या तत्त्वावर भांडतं त्याच तत्त्वावर भरली पाहिजे.

ते तत्त्व काय आहे ते आधी पाहू. १९९२ ला ब्राझीलमध्ये रिओला संयुक्त राष्ट्रांचा हवामान करार झाला, त्यात एक गोष्ट कायद्याच्या भाषेत पक्की लिहिली गेली, की जबाबदारी सगळ्यांची आहे पण सारखी नाही. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षं धूर सोडून श्रीमंती कमावली त्यांनी जास्त करायचं, आणि ज्यांनी कमी सोडला, ज्यांची ऐपत कमी आहे, त्यांना मदत द्यायची. १९९७ च्या क्योटो करारात तर धूर कमी करायची सक्ती फक्त श्रीमंत देशांवरच होती. मग १२ डिसेंबर २०१५ ला पॅरिस करार झाला आणि रचना बदलली, आता प्रत्येक देशानं आपलं उद्दिष्ट आपणच लिहून द्यायचं, दर पाच वर्षांनी नवं द्यायचं, ते आधीच्या पेक्षा मागं जाता कामा नये, आणि काय केलं त्याचा अहवाल सगळ्या जगासमोर ठेवायचा. उद्दिष्ट हुकलं तर दंड नाही, पोलीस नाही. आपण त्यावर २ ऑक्टोबर २०१६ ला शिक्कामोर्तब केलं.

दंड नाही म्हटल्यावर बरेच जण म्हणतात की मग हा कसला कायदा. पण बघा काय झालं. भारतानं २०१५ मध्ये लिहून दिलं की २०३० पर्यंत वीजनिर्मितीच्या क्षमतेत ४० टक्के वाटा कोळसा-तेल सोडून बाकीच्या स्रोतांचा राहील. २०२२ मध्ये तेच ५० टक्के केलं. आणि २०२५ च्या मध्यालाच तो आकडा गाठला, पाच वर्षं आधी. हे क्षमतेचं झालं, म्हणजे बसवलेल्या यंत्रांचं, प्रत्यक्ष जळणारी वीज अजून बहुतेक कोळशाचीच आहे, हे विसरून चालणार नाही, पण तरी हे मोठं काम आहे आणि जगासमोर आकडा लिहून दिल्याशिवाय ते या वेगानं झालं नसतं असं मला वाटतं. एकदा आकडा लिहून दिला की मंत्रालय लागतं, टेंडर निघतं, सबसिडी येते, बँक कर्ज देते, कलेक्टरला टार्गेट मिळतं.

आणि ते गावापर्यंत येतं हे पण खरं आहे. केंद्राची सौर पंपांची कुसुम योजना २०१९ मध्ये आली, आपल्याकडं मग मागेल त्याला सौर कृषी पंप आला, शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. ज्याच्या वावरात तो पंप लागला त्याच्या घरच्यांना विचारा काय फरक पडला. रात्रीच्या लाइनीवर ओलीत करायला जायचं म्हणजे साप, रानडुक्कर, आमच्या काही भागात बिबट्या आणि वाघ. बायका रात्रभर जाग्या राहायच्या घरधनी परत येईपर्यंत. दिवसा पाणी देता येणं ही काही लहान गोष्ट नाही, आणि त्याच्या मागं कुठंतरी पॅरिसमध्ये लिहून दिलेला एक आकडा आहे. म्हणून मी म्हणतो की कायदा पोचतो. कोणता भाग पोचतो हे मात्र पाहावं लागेल.

पॅरिस करारात कलम ७ आहे, ते बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्याबद्दल, ज्याला सगळे ॲडाप्टेशन म्हणतात. शेती, पाणी, आरोग्य, सगळं त्यात येतं. पण या कलमात आकडा नाही. धुरासाठी तापमानवाढ दीड अंश, दोन अंश अशी रेघ आहे, वावरासाठी अशी कोणतीच रेघ नाही. कलम ८ नुकसानीबद्दल आहे, पण ज्या परिषदेत हा करार झाला तिच्याच ठरावात परिच्छेद ५१ घालून श्रीमंत देशांनी लिहून घेतलं की या कलम ८ वरून कोणावर दायित्व किंवा भरपाई बसणार नाही. म्हणजे नुकसान झालं हे मान्य, पण ते कोणी भरायचं हे नाही. ही ओळ लिहून घेणाऱ्यांना काय नको होतं ते त्यांनाच चांगलं माहीत होतं, आणि हेगच्या कोर्टाचं मत महत्त्वाचं ठरतं ते याच्यामुळं, कारण कोर्टानं सांगितलं की जबाबदारी फक्त या करारातून येत नाही, देशादेशांत जो रूढ कायदा आहे, दुसऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून काळजी घेण्याचा, तोही लागू आहे. अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडायचा आदेश काढला, पण या मताप्रमाणं करार सोडला म्हणजे सुटका झाली असं नाही. कोर्टाचं हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, उद्या कोणावर जप्ती येणार नाही, पण पुढं जगातल्या कोणत्याही कोर्टात कोणी उभा राहील तर त्याच्या हातात हा कागद राहील.

आता पैशाचं बघू, कारण सगळं तिथंच अडतं. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी शब्द दिला की गरीब देशांच्या हवामानाच्या कामासाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा त्यांच्याच हिशेबानं २०२२ मध्ये पूर्ण झाला, दोन वर्षं उशिरा, आणि त्यातला सरकारी पैशाचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग कर्ज होता. २०२४ मध्ये बाकूला नवा शब्द दिला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज, भारतानं तिथंच उठून हे मान्य नाही म्हणून सांगितलं. भारताचं ते बोलणं बरोबर होतं.

पण हे कर्जाचं प्रकरण आपल्या इतक्या जवळचं आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पोकरा सगळ्यांना माहीत आहे, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. २०१८ मध्ये सुरू झाला, मराठवाड्याचे आठ जिल्हे, विदर्भातले अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा, आणि जळगाव. पाच हजारांवर गावं, त्यातली नऊशेच्या वर गावं पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातली, जिथं विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही. हा हवामान बदलाशी जुळवून घ्यायचा प्रकल्प म्हणूनच आला, आणि तो ४२ कोटी डॉलरच्या जागतिक बँकेच्या कर्जावर आला, बाकी ३० टक्क्यांच्या आसपास राज्याचे. म्हणजे जगाच्या धुरात ज्या माणसाचा वाटा जवळपास नाहीच, त्याच्या शेततळ्याला, शेडनेटला, ठिबकला पैसा द्यायला महाराष्ट्र कर्ज काढतो आणि ते व्याजासकट आपणच फेडतो. रिओमध्ये लिहिलेलं होतं ते याच्या उलटं होतं.

पोकरानं कामं केली. गावाचा पाण्याचा ताळेबंद काढणं, किती पाऊस पडला, किती जिरला, पिकाला किती लागलं हे गावानं बसून मांडणं, ही पद्धत मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती पैसा संपल्यावरही गावात राहते. बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडून पेरलेलं सोयाबीन जास्त पावसात तग धरतं आणि खंड पडला तरी तग धरतं, हे लोकांनी डोळ्यानं पाहिलं. पण त्याची रीत अशी की आधी पूर्वसंमती घ्या, मग स्वतःच्या खिशातून खर्च करा, मग बिलं अपलोड करा, मग अनुदान खात्यात. ज्याच्याकडं पहिले लाख-दीड लाख घालायला होते त्याला मिळालं. ज्याच्याकडं नव्हते तो सावकाराकडं गेला नाहीतर यादीतून मागं पडला. आणि मक्त्यानं, बटईनं वावर करणाऱ्याचं तर नावच नाही, कारण सातबारा मालकाच्या नावानं. आता दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांत, पूर्व विदर्भासकट, तोही प्रकल्पच आहे. प्रकल्पाला मुदत असते. गाव त्यात आलं तर आलं, शेजारचं गाव नाही आलं तर त्यानं कोणाकडं जायचं, कोणत्या कायद्याखाली मागायचं? कुठंच नाही.

नुकसानीचं तर याहून वाईट आहे. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर. मंडळाचं पर्जन्यमापक एका गावात, पाऊस पडला दुसऱ्या शिवारात, नाल्याकाठचं वावर खरडून गेलं पण मापकात ५८ आले तर पंचनाम्यासाठी पायऱ्या झिजवा. नुसता रिमझिम आठ दिवस लागला, मुळ्या सडल्या, सोयाबीन पिवळं पडलं, तर ते आधी कशातच बसत नव्हतं, २०२३ मध्ये कुठं राज्यानं सततचा पाऊस ही आपत्ती धरली. आणि दर किती? २०२२ मध्ये कोरडवाहूला हेक्टरी ६,८०० चे दुप्पट करून १३,६०० दिले. मे २०२५ मध्ये ते परत ८,५०० वर आणले आणि मर्यादा तीन हेक्टरची दोन केली. ऑक्टोबरमध्ये मोठे पूर आल्यावर पुन्हा पॅकेज जाहीर झालं, पुन्हा तीन हेक्टर. ८,५०० म्हणजे एकरी ३,४००, त्यात बियाणं आणि एक फवारणी पण निघत नाही. पीक विमा २०२३ मध्ये एक रुपयात होता, २०२५ मध्ये ते बंद झालं, आणि त्याबरोबर गारपीट, अवकाळी अशा स्थानिक नुकसानीची भरपाई मागायची सोय पण गेली, सगळं पीक कापणी प्रयोगावर आलं, म्हणजे निवडक वावरांत पीक कापून उत्पन्न मोजतात त्यावर. कोणता दर बरोबर यावर लोक भांडतात, मला भांडायचं आहे ते याच्यावर की दर दरवर्षी सरकारच्या मनावर का ठरावा. तेच संकट, तेच वावर, तोच माणूस, आणि त्याला काय मिळणार हे निवडणूक कधी आहे यावर अवलंबून.

उन्हाचं तर काही विचारूच नका. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर, वर्धा, मे महिन्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत आपली नावं कायम असतात. त्याच मे महिन्यात गडचिरोली-गोंदियात तेंदूपत्ता तोडायला माणसं पहाटे तीनला जंगलात जातात, आमच्याकडं वखरणी, काडीकचरा वेचणं, मग मिरगाच्या आधीची सगळी धावपळ. पण १५ व्या वित्त आयोगाच्या काळात केंद्राच्या मदतीच्या नियमात ज्या बारा आपत्त्या होत्या, चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट, त्यात उष्णतेची लाट नव्हती. थंडीची होती, उन्हाची नव्हती. आणि ज्या बाईची दुपारची मजुरी उन्हामुळं बुडाली, किंवा पंधरा दिवस पाणी लागून निंदणाला कोणी बोलावलं नाही, तिच्या नुकसानीचा पंचनामा कोणताच तलाठी करत नाही, कारण तिच्याकडं सातबारा नाही आणि तिचं पीक बुडालं नाही, फक्त चूल बुडाली.

आता यावर कोणी म्हणेल की भारत म्हणजे काही व्हानुआतू नाही, भारत जगात तिसऱ्या नंबरचा धूर सोडणारा देश आहे, आपण झळ बसणाऱ्या देशांत कसे. दोन्ही खरं आहे. माणशी धरलं तर भारतीय माणूस वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस त्याच्या सहा-सात पट. आणि भारताच्या आत पण माणसं सारखी नाहीत. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, तिरोड्याचं ३,३०० मेगावॅटचं, शिवाय कोराडी, खापरखेडा, मौदा, पारस. कोळसा वणी, घुग्घुस, उमरेडचा. राख इथं, धूळ इथं, खाणीसाठी वावरं गेली ती इथली, तापमान इथलं, आणि वीज मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना, एसीला. हेगमध्ये डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत भारत उभा राहिला आणि म्हणाला की ज्यांनी केलं त्यांची जबाबदारी जास्त, ज्यांनी नाही केलं त्यांच्यावर सारखं ओझं टाकू नका. मला ते शंभर टक्के पटतं. आणि पटतं म्हणूनच विचारतो की हेच माप मुंबई आणि मारेगाव यांच्यामध्ये का लागत नाही?

बाकी देशांनी काय केलं बघा, आपल्यापेक्षा गरीब देशांनी. बांगलादेशनं २०१० मध्ये हवामान ट्रस्टचा कायदा करून स्वतःच्या बजेटमधून फंड काढला, बाहेरच्या पैशाची वाट पाहत बसले नाहीत. नेपाळनं आपल्या हवामान धोरणात लिहिलं की या कामाच्या पैशातला ८० टक्के खाली, गावपातळीवर गेला पाहिजे. सगळा जातो का, नाही जात, पण लिहिलेलं आहे म्हणून तिथला माणूस विचारू शकतो. केनियानं २०१६ मध्ये कायदा केला आणि तिकडं वॉर्डावॉर्डात लोकांच्या समित्या ठरवतात की पैसा बोअरला लावायचा की ढोरांच्या पाण्याला.

पण मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते पाकिस्तानातल्या एका शेतकऱ्याचं. असगर लेघारी. २०१५ मध्ये तो लाहोर हायकोर्टात गेला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की सरकारनं २०१२ मध्ये हवामान धोरण केलं, त्याची अंमलबजावणी कशी करायची ते पण कागदावर लिहिलं, आणि मग काहीच केलं नाही, आणि पाण्यावाचून माझी शेती धोक्यात आहे, म्हणजे माझा जगण्याचा हक्क धोक्यात आहे. न्यायमूर्ती सय्यद मन्सूर अली शाह यांनी ते मान्य केलं. प्रत्येक खात्यानं एक जबाबदार अधिकारी नेमा, काय काय करणार त्याची यादी द्या, आणि यावर देखरेख करायला कोर्टानं आयोगच बसवला. २०१८ च्या निकालात नोंद आहे की प्राधान्याच्या कामांपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास कामं पार पडली. मधल्या काळात २०१७ मध्ये तिथं हवामान बदलाचा कायदा पण झाला. यातली कळीची गोष्ट ही की ज्या धोरणावर तो भांडला ते धोरण आलं होतं आंतरराष्ट्रीय करारांच्या रेट्यातून, देशांनी योजना बनवा म्हणून, जगाला दाखवायला. दाखवायला लिहिलेला कागद एका शेतकऱ्यानं कोर्टात नेऊन खरा करून घेतला. कोणी म्हणेल त्यानं २०२२ चा पूर थांबला का, नाही थांबला, १,७०० च्या वर माणसं गेली, एक तृतीयांश देश पाण्याखाली होता असं सांगितलं गेलं. पण त्याच वर्षी इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांच्या गटाचं अध्यक्षपण पाकिस्तानकडं होतं आणि तीस वर्षं जी मागणी टाळली जात होती ती, नुकसानीच्या फंडाची, तिथंच मान्य झाली.

आपल्याकडं कोर्टानं अर्धं काम करून ठेवलेलं आहे. २१ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टानं एम. के. रणजितसिंह यांच्या प्रकरणात सांगितलं की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून संरक्षण मिळणं हा घटनेच्या कलम १४ आणि २१ खाली आपला हक्क आहे. त्यात हे पण नोंदवलं की भारतात यावर एकसंध असा कायदाच नाही. पण हे प्रकरण होतं माळढोक पक्ष्याचं आणि विजेच्या तारांचं, आणि निकालाचा प्रत्यक्ष परिणाम झाला तो सौर प्रकल्पांच्या तारांना वाट मोकळी होण्यात. पुन्हा तेच, मेगावॅट. हक्क जन्माला आला, पण अजून त्यावर उभा राहून कोणा कोरडवाहू शेतकऱ्यानं, तेंदूवाल्या मजुरानं काही मिळवलं आहे असं चित्र नाही, कारण हक्क आहे पण तो कोणी, कधी, किती द्यायचा हे सांगणारा कायदा नाही. आणि कायदा करायला अडचण पण नाही, घटनेचं कलम २५३ संसदेला आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदा करायचा पूर्ण अधिकार देतं, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा हवाला देऊनच झाला आहे.

राहिला प्रश्न की असं कुठं झालं आहे का, संकटात दिलेली मदत हक्क बनली असं. झालं आहे, याच महाराष्ट्रात. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं गावात अजून आहेत. त्या दुष्काळातली कामं पुढं वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी झाली, आणि १९७७ मध्ये विधानसभेनं त्याचा कायदाच केला, मागेल त्याला काम, आणि काम नाही दिलं तर भत्ता. देशाला हे सुचायला २००५ उजाडलं. आणि यासाठी पैसा कुठून आणला तर १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पगारातून गावातल्या बेकार हाताला मजुरी. ज्याची ऐपत जास्त त्यानं जास्त द्यायचं. रिओच्या सतरा वर्षं आधी महाराष्ट्रानं हे तत्त्व आपल्या घरात लागू करून दाखवलं होतं! मला याचा अभिमान वाटतो आणि म्हणूनच आजची पॅकेजं बघून वाईट पण वाटतं.

मग आता नवा कायदा कसा पाहिजे. पहिलं म्हणजे नुकसान झालं की काय मिळणार हे कायद्यात ठरलेलं पाहिजे, उत्पादन खर्चाला बांधलेलं, दरवर्षी जीआर काढून बदलता येणार नाही असं. त्यात पिकाबरोबर मजुरी आली पाहिजे, ढोरं आली पाहिजेत, ठरलेल्या तापमानाच्या वर गेल्यावर बुडालेला रोज आला पाहिजे. मक्त्यानं करणारा, बटईवाला, वनहक्काचं वावर कसणारा, ज्या बाईच्या नावानं काहीच नाही ती, यांचं नाव ग्रामसभेच्या सांगण्यावरून लागलं पाहिजे, सातबाऱ्याची अट सोडून. पर्जन्यमापक मंडळाला एक नाही, गावाला एक. आणि पैसा कोळशावरून आला पाहिजे. २०१० मध्ये केंद्रानं कोळशावर टनामागं ५० रुपये उपकर लावला होता, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून, २०१६ पर्यंत तो ४०० झाला, आणि २०१७ पासून तो राज्यांच्या जीएसटी भरपाईत वळवला गेला. चंद्रपूर-वणीच्या कोळशावरचा पैसा चंद्रपूर-वणीच्या उन्हासाठी वापरला गेला असता तर किती काय झालं असतं. पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, गाळानं भरलेत, धानाला शेवटचं पाणी मिळत नाही, ते उपसायला जागतिक बँकेचं कर्ज काढायची गरज काय?

कायदे आधीच लय आहेत, अजून एक आला तर अजून एक फाइल, असं म्हणणारे आहेत आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. पण गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. वनहक्क कायदा २००६ चा, त्यांना सामूहिक हक्क मिळाला २००९ मध्ये, आणि बांबू कोणाचा या प्रश्नावर ते गाव वनखात्यासमोर उभं राहू शकलं कारण हातात हक्काचा कागद होता. त्याच्या आधी कितीतरी वर्षं "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणतच होते ते. नुसत्या योजनेवर हे झालं नसतं. योजनेचा लाभार्थी असतो, त्याला मिळालं नाही तर तो विनंती करतो. हक्कदाराला मिळालं नाही तर तो अर्ज करतो, अपील करतो, कोर्टात जातो, आणि अधिकाऱ्याला लेखी उत्तर द्यावं लागतं.

कायदा काही उद्या होणार नाही. तोवर गावानं करण्यासारखं एक काम आहे आणि त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. तो जो नुकसानीचा जागतिक फंड झाला आहे त्याच्या नियमांत समाजांना, आदिवासींना लहान अनुदानं थेट द्यायची सोय लिहिलेली आहे. त्यात पैसा अजून फार कमी आहे, २०२३ मध्ये दुबईला सुरू झाला तेव्हा सगळ्या जगाचे मिळून ७० कोटी डॉलरच्या आसपास शब्द होते, आणि लहान बेटांचा, सगळ्यात गरीब देशांचा हक्क त्यावर पहिला आहे, तो असलाच पाहिजे. पण फंड असो, सुप्रीम कोर्ट असो की आपली विधानसभा, सगळे पहिले एकच विचारणार, नुकसान किती, पुरावा काय. आणि तो आज आपल्याकडं नाही. पोकराच्या गावांनी पाण्याचा ताळेबंद लिहायला शिकलेलंच आहे. त्याच वहीत रकाने वाढवा: गावात पाऊस किती मिलिमीटर पडला आणि मंडळाचा आकडा काय होता, दुबार पेरणी किती एकरांवर करावी लागली आणि त्याला बियाणं किती गेलं, उन्हामुळं आणि पाण्यामुळं मजुरीचे किती रोज बुडाले, किती ढोरं दगावली, कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटली, वावर कोणाचं आणि कसतं कोण. दरवर्षी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवा, ठराव घ्या, सरपंच आणि ग्रामसेवकाची सही घ्या, आणि एक प्रत तहसीलला देऊन पोच ठेवा.